व्यवसाय प्रशिक्षण : खर्च किती, मिळकत किती?

शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत पाठवावे, की मिळेल त्या कामावर लावावे, हा प्रश्न अल्पभूधारक व मजूर कुटुंबांपुढे दरवर्षी उभा राहतो. देशात शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात आज चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. वीजतंत्री, जोडारी, कातारी, यंत्रकारागीर या व्यवसायांचे प्रशिक्षण दोन वर्षांचे, तर संधाता व नळकारागीर यांचे एक वर्षाचे असते. सोय आहे, परंतु ती आपल्या मुलास कितपत फलदायी ठरेल, याचा हिशेब प्रवेशापूर्वीच मांडणे हिताचे असते.

खरा खर्च कोणता?

खर्च म्हटला की प्रवेश शुल्क डोळ्यांपुढे येते. शासकीय संस्थेत मात्र सर्वांत मोठा खर्च शुल्काचा नसून बुडालेल्या मजुरीचा असतो. प्रशिक्षणाच्या काळात मुलाने जे कमावले असते, ते घरात येत नाही. त्यात प्रवास, गणवेश, हत्यारे, पुस्तके व परीक्षा शुल्क यांची भर पडते. कर्ज काढले असल्यास व्याजही धरावे. घरचे जेवण मात्र या खर्चात धरू नये. मुलगा शिकला काय किंवा मजुरीस गेला काय, ते लागणारच.

एक उदाहरण

पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, अकुशल कामाचे महिन्यास १०,००० रुपये मिळतात, पण काम वर्षातून नऊच महिने असते. म्हणजे वर्षाची मिळकत ९०,००० रुपये. दोन वर्षांच्या प्रशिक्षणात १,८०,००० रुपये बुडाले. इतर खर्च दोन वर्षांचा मिळून ३०,००० रुपये धरू. एकूण २,१०,००० रुपये झाले.

त्यानंतर एक वर्ष शिकाऊ उमेदवारी येते. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे. त्याखालील नियमांत २०१९ मध्ये झालेल्या सुधारणेने प्रमाणपत्रधारकाचे किमान विद्यावेतन दरमहा ७,००० रुपये ठरविण्यात आले. तोच दर धरल्यास वर्षाचे ८४,००० रुपये होतात. मजुरीच्या मानाने आणखी ६,००० रुपयांची तूट येते. अशा रीतीने एकूण गुंतवणूक २,१६,००० रुपये होते.

पुढे बाराही महिने १४,००० रुपये वेतन मिळाले, तर वर्षास १,६८,००० रुपये, म्हणजे मजुरीपेक्षा ७८,००० रुपये अधिक. या हिशेबाने गुंतवणूक पावणेतीन वर्षांत भरून निघते आणि त्यानंतरची वाढीव मिळकत हा कुटुंबाचा निव्वळ लाभ ठरतो.

कोठे फरक पडतो?

हाच मुलगा गाव सोडून चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात गेला आणि खोलीभाडे, खानावळ यांवर महिन्यास ४,००० रुपये जादा खर्च झाला, तर वार्षिक लाभ ३०,००० रुपयांवर येतो. तेवढीच गुंतवणूक वसूल होण्यास मग सात वर्षांहून अधिक काळ लागतो. वेतनाचा आकडा तोच, परंतु फळ निराळे! उलट, वीजतंत्र्याने गावातच मोटार दुरुस्तीची व घरगुती वीजजोडणीची कामे धरली, तर वेतनाचा आकडा लहान दिसूनही हाती अधिक उरू शकते. नोकरी शोधण्यात सहा महिने गेले, तर त्या काळातील ४५,००० रुपयेही गुंतवणुकीत मिळवावे लागतात.

काही गोष्टी मात्र रुपयांत मांडता येत नाहीत. बारमाही काम, हाती राहणारे कौशल्य आणि पुढे पदविकेकडे जाण्याची वाट यांचेही मोल कुटुंबाने विचारात घ्यावे. त्याबरोबरच अकुशल मजुरीही काळाबरोबर वाढते, याचा विसर पडू नये.

संस्थेस काय विचारावे?

एखाद्या माजी विद्यार्थ्यास मिळालेल्या मोठ्या पगारावरून निष्कर्ष काढू नये. पालकांनी प्राचार्यांना वा निदेशकांना चार गोष्टी विचाराव्यात : या व्यवसायात किती जणांनी प्रवेश घेतला? त्यांपैकी किती उत्तीर्ण झाले? वर्षभरानंतर किती जण शिकलेल्याच व्यवसायात काम करीत आहेत? आणि सर्वांचे वेतन चढत्या क्रमाने मांडल्यास मधल्या माणसास किती मिळते? एका मोठ्या पगारामुळे सरासरी फुगते. मधला आकडा तसा फुगत नाही. तसेच उत्तीर्णांचीच नोंद पाहिल्यास मध्येच शिक्षण सोडलेले दृष्टीआड होतात, आणि खरा तोटा तर त्यांचाच झालेला असतो.

ही नोंद संस्थांनाही उपयोगी आहे. ज्या व्यवसायातील बहुतेक तरुण वर्षभरात दुसऱ्याच कामाकडे वळतात, तेथे यंत्रसामग्री, अभ्यासक्रम वा जागांची संख्या यांचा फेरविचार व्हावयास हवा. यंत्रे आणि निदेशक यांवर होणारा खर्च हा जनतेचाच पैसा होय.

प्रशिक्षण स्वस्त आहे म्हणून ते घेऊ नये, आणि दोन वर्षे मिळकत बुडते म्हणून टाळूही नये. कागद-पेन्सिल घेऊन मांडलेला अर्ध्या तासाचा हिशेब मुलाच्या आयुष्यातील दोन वर्षे सत्कारणी लावू शकतो.