दोन नळ, एक हौद आणि घरचे इंटरनेट



काळ-काम-वेगाच्या प्रकरणातले हौदाचे गणित आपण सर्वांनीच सोडवले आहे. एक नळ हौद ६ तासांत भरतो, दुसराही ६ तासांत. दोन्ही एकदम सोडले तर ३ तासांत हौद भरतो. याच हिशेबाने एका पालकांनी आम्हाला विचारले, "घरी ४० एमबीपीएसचे कनेक्शन आहे. तेवढेच दुसरे घेतले तर ८०चा वेग मिळेल ना?" प्रश्न दरमहा दुप्पट बिलाचा आहे, म्हणून उत्तर नीट समजून घेऊ.

पाणी आणि पॅकेट

पाण्याचा थेंब कोणत्याही नळातून, कोणत्याही क्रमाने आला तरी हौदाला चालते. फाइलचे तसे नाही. ती लहान तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत येते. प्रत्येक पॅकेटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी पत्ता असतो. तुकडे पुन्हा क्रमाने लावता यावेत म्हणून त्यांना अनुक्रमही दिलेला असतो. दोन कंपन्यांची कनेक्शने घेतली की घराला दोन वेगळे पत्ते मिळतात. ज्या पत्त्यावरून फाइल मागवली, त्याच पत्त्यावर सर्व्हर ती पाठवतो. अर्धी फाइल दुसऱ्या पत्त्यावर पाठवायची, हे त्याला ठाऊकच नसते.

पहिली पद्धत : कामाची वाटणी

बाजारात दोन कनेक्शने जोडता येतील असे राउटर मिळतात. ते बहुधा 'लोड बॅलन्सिंग' करतात, म्हणजे एक काम या तारेवर आणि दुसरे त्या तारेवर सोपवतात. उदाहरण घेऊ. १ गिगाबाइटची फाइल म्हणजे ८,००० मेगाबिट. ४०च्या वेगाने ती २०० सेकंदांत उतरते. असा राउटर लावल्यावरही ती एक फाइल २०० सेकंदच घेईल. मात्र ताईने आणि दादाने एकाच वेळी अशी एकेक फाइल उतरवायला घेतली, आणि राउटरने ती दोन तारांवर वाटली, तर दोघांचे काम २०० सेकंदांत होईल. एकाच कनेक्शनवर दोघांना मिळून ४०० सेकंद लागले असते. एकाच फाइलचे अनेक भाग स्वतंत्रपणे मागवणारे डाउनलोड मॅनेजर मात्र दोन्ही तारांचा उपयोग करू शकतात.

एक अडचण लक्षात ठेवावी. बँकेचे काम चालू असताना मध्येच पत्ता बदलला, तर काही बँकांची संकेतस्थळे संशयाने आपल्याला बाहेर काढतात. अशी कामे एकाच तारेवर राहतील, अशी व्यवस्था राउटरमध्ये करून घ्यावी.

दुसरी पद्धत : खरी जोडणी

एकाच फाइलला दोन्ही तारांचा वेग देणे याला 'बाँडिंग' म्हणतात. ही कल्पना जुनीच आहे. आयएसडीएन सेवेत ६४ केबीपीएसच्या दोन वाहिन्या जोडून १२८ केबीपीएसचा वेग मिळवीत. तेथे दोन्ही वाहिन्या एकाच कंपनीकडे पोचत, त्यामुळे पलीकडे तुकडे वाटणारा आणि अलीकडे ते जुळवणारा, अशी दोन्ही टोके ठरलेली असत. दोन वेगळ्या कंपन्यांच्या तारा जोडायच्या, तर मध्ये एखादा सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो. त्याचा खर्च वेगळा, आणि वळसा पडल्याने थोडा उशीरही होतो. शिवाय एक तार मंद असेल, तर जलद तारेवरून आलेल्या तुकड्यांना तिच्यासाठी थांबावे लागते.

'मल्टिपाथ टीसीपी' नावाची पद्धत हे काम सर्व्हर भाड्याने न घेताही करते. ॲपलने २०१३ साली आयओएस ७ मध्ये सिरीसाठी ती वापरली. मात्र तिची सोय आपल्या यंत्रात आणि समोरच्या सर्व्हरवर, दोन्हीकडे असावी लागते.

मग दुसरे कनेक्शन घ्यावे का?

केवळ एका संगणकाचा वेग दुप्पट व्हावा म्हणून घेऊ नये. आधी संगणक तारेने राउटरला जोडून वेग मोजावा. तारेवर पूर्ण वेग मिळत असेल आणि आतल्या खोलीत वाय-फायवर मिळत नसेल, तर दोष भिंतींचा किंवा राउटरच्या जागेचा आहे. राउटर हलवून पाहायला पैसे पडत नाहीत. तारेवर वेग मिळत असूनही कमी पडत असेल, तर त्याच कंपनीची मोठ्या वेगाची योजना अनेकदा स्वस्त पडते.

दुसऱ्या कनेक्शनचा खरा लाभ भरवशाचा आहे. परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी एक तार तुटली, तर दुसरी कामी येते. चालू असलेला व्हिडिओ कॉल तुटेल, पण लगेच पुन्हा लावता येईल. मात्र दोन्ही तारा एकाच खांबावरून येत असतील, तर एका फांदीने दोन्ही जातील. म्हणून एक फायबर आणि एक मोबाइल नेटवर्क, अशी जोडी बरी. वीज गेल्यावर राउटर बंद पडणार नाही, याचीही सोय हवी.

स्वाध्याय

१. ५० एमबीपीएसच्या कनेक्शनवर २ गिगाबाइटची फाइल किती सेकंदांत उतरेल?
२. ५० एमबीपीएसची दोन कनेक्शने लोड बॅलन्सिंगने जोडली. तीच एक फाइल आता किती सेकंद घेईल? कारण लिहा.
३. घरातील इंटरनेटचा वेग राउटरजवळ आणि सर्वांत दूरच्या खोलीत तीन-तीन वेळा मोजा. सरासरी काढून तक्ता संगणकाच्या तासाला आणा.