कागदात काही चुकलं नव्हतं

२१ फेब्रुवारी २०१७, पुणे महापालिकेच्या मतदानाचा दिवस. दुपारी बाराच्या सुमाराला माझा दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी मतदान केंद्राबाहेर मला गाठून उभा राहिला. शर्टाच्या खिशातून त्यानं चार घड्या घातलेला कागद काढला. मतदार नोंदणीच्या नमुना सहाच्या अर्जाची पोच होती ती. "मॅडम, ही दाखवली तरी आत म्हणतात यादीत नाव नाही. आता काय करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अर्ज खरा होता, पोच खरी होती, मुलगाही अठरा पूर्ण केलेला. चुकली होती ती अर्जाची वेळ, आणि ती मी ठरवली होती.

मी राज्यशास्त्र शिकवते. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती, प्रभाग समित्या, स्थायी समिती हे सगळं माझ्या जिभेवर असतं. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुण्याच्या नगरपालिकेत होते आणि व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर पैसा उधळायला त्यांनी विरोध केला होता, हे मी दरवर्षी रंगवून सांगते. पण मतदारयादी नेमकी कधी बंद होते, याची साधी चौकशी मी केली नव्हती.

जानेवारीत निवडणुका जाहीर झाल्या आणि आम्ही जागे झालो. पथनाट्य बसवलं, पोस्टर रंगवली, कट्ट्यावर टेबल टाकून दोन आठवडे अर्ज भरून घेतले. अर्ज घेणाऱ्यांनी ते घेतले, पोचही दिली. ती बघून आम्हाला वाटलं, जिंकलो. मेख वेगळीच होती. मतदारयादी भारत निवडणूक आयोगाची, तर महापालिकेची निवडणूक घेतो राज्य निवडणूक आयोग. त्याची स्वतःची निराळी यादी नसते. एक तारीख ठरते, त्या दिवशी विधानसभेच्या यादीत जी नावं असतील तीच प्रभागांप्रमाणे फोडली जातात. त्यानंतर भरलेला अर्ज वाया जात नाही, नाव पुढच्या यादीत येतंच. पण ही निवडणूक हातची गेलेली असते.

एवढ्यावर भागलं नाही. आमच्या प्रत्येक पोस्टरवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'तुमचं एक मत'. प्रत्यक्षात त्या वर्षी पुण्यात प्रभाग चार सदस्यांचे होते. ४१ प्रभागांतले ३९ चारचे आणि दोन तीनचे. अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळं मत द्यायचं होतं. ज्या थोड्या मुलांची नावं होती, त्यांच्यातल्या एकीनं मला संध्याकाळी सांगितलं, "एक बटण दाबलं आणि निघाले, तर आतल्या बाई ओरडल्या, अजून तीन राहिलीत!" ती हसत होती. मला मात्र आमची पोस्टर आठवत होती.

तिसरी चूक सांगताना अजून संकोचते. पथनाट्याच्या मुलांना टी-शर्ट हवे होते आणि पैसे नव्हते. एका इच्छुकानं देऊ केले, आम्ही घेतले. छातीवर 'मतदान करा' आणि पाठीवर, नको नको म्हणता, त्यांचा फोटो. तिसऱ्या प्रयोगापासून वर्गातली निम्मी मुलं आमच्या टेबलाकडे फिरकेनाशी झाली. एकानं तोंडावर विचारलं, "मॅडम, तुम्ही नक्की कोणाच्या?" त्या प्रश्नाचा राग येण्याचा अधिकार मी गमावून बसले होते.

निवडणूक झाली आणि आमचा गट विरघळला. पोच घेऊन आलेला तो मुलगा पुन्हा कधी अशा कामाला आला नाही. जाताना तो कागद माझ्या हातात ठेवून गेला. "तुमच्याकडेच राहू द्या," एवढंच म्हणाला.

पुढची निवडणूक पाच वर्षांनी येईल, तेव्हा चूक सुधारू, अशी मी स्वतःची समजूत घातली. २०२२च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि निवडणूक लांबत लांबत १५ जानेवारी २०२६ला झाली. म्हणजे २०१७च्या मतदानानंतर आठवड्याभरानं जो अठराचा झाला, त्याला आपल्या शहरासाठी पहिलं मत द्यायला सव्वीस ओलांडावी लागली. या काळात मला एक गोष्ट कळली. मुलांना शहराच्या कारभाराशी जोडायला मतदानाची वाट बघत बसलं, तर अख्खी पिढी हातातून जाते.

सुरुवात झाली एका दिव्यापासून. संध्याकाळची प्रॅक्टिकल संपवून निघणाऱ्या चार मुली बसथांब्यावरच्या अंधाराची तक्रार घेऊन आल्या. "नगरसेवकच नाहीत, तर जायचं कोणाकडे?" मी म्हटलं, चला, क्षेत्रीय कार्यालयात जाऊ. तिथं एक झकास अर्ज दिला. दिवा, थांबा आणि उखडलेला पदपथ, सगळं एकाच कागदावर. खिडकीतल्या कारकुनानं तो शांतपणे वाचला आणि विचारलं, "दिवा कुठला? खांबावरचा, की थांब्याच्या छपरातला?"

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. खांबावरचा दिवा महापालिकेच्या विद्युत विभागाचा. छपरातला बस चालवणाऱ्या पीएमपीचा. पदपथ पथ विभागाचा. "तीन अर्ज करा," ते म्हणाले, "आणि खांबाचा नंबर टाका. नाहीतर आमचा माणूस शोधत बसेल." त्या संध्याकाळी एका मुलीनं त्याच अंधाऱ्या खांबावर मोबाइलचा उजेड पाडून रंगानं लिहिलेला नंबर वाचला. नंबर टाकलेला अर्ज गेला आणि खांबावरचा दिवा लागला. त्याला अंदाजपत्रकाची गरज नव्हती. पदपथाला होती.

पुण्यात २००६-०७पासून नागरिकांनी सुचवलेली कामं अंदाजपत्रकात घेण्याची सोय आहे. त्यासाठीचे अर्ज साधारण पावसाळ्याच्या शेवटी घेतले जातात. मुलींनी मोजपट्टी नेऊन पदपथाची लांबी मोजली, फोटो जोडले, अर्ज दिला. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकाच्या जाडजूड पुस्तकात त्यांना आपलं काम सापडलं. एका ओळीचं. ती ओळ बोटानं दाखवत त्यांच्यातली एक म्हणाली, "मॅडम, हा आकडा ठरवतं कोण?"

इतकी वर्षं मी उत्तर आधी शिकवत होते, प्रश्न पडायच्या आत. आयुक्त, स्थायी समिती, मुख्य सभा ही साखळी त्या दिवशी मी पुन्हा सांगितली. एकीनंही मोबाइल काढला नाही. आपलं मत कुठे जाऊन पोचतं, हे त्यांना त्या एका ओळीनं दाखवलं होतं.

तर जे कोणी कॉलेजात, मंडळात, सोसायटीत तरुणांना घेऊन काही करू बघत असतील, त्यांच्यासाठी माझ्या चुकांतून निघालेल्या या चार गोष्टी.

नोंदणी निवडणुकीच्या तोंडावर करू नका. २०२२पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा वय मोजायला धरल्या जातात आणि सतरा पूर्ण झालेल्यालाही आधी अर्ज करून ठेवता येतो. तेव्हा अकरावी-बारावीतच हे काम उरका. वसतिगृहातल्या मुलांना घरचा पत्ता किंवा इथला, यांतला एकच निवडता येतो. तो विचार करून निवडायला सांगा, कारण मतदानाला गावी जाणारी मुलं थोडीच असतात. पत्ता बदलला तर नमुना आठ. आणि अर्ज भरला म्हणजे काम झालं असं समजू नका. यादीत नाव डोळ्यांनी बघितल्यावरच ते झालं.

प्रभागाची प्रारूप यादी लागली की ती वाचायला बसा. हरकतींची मुदत दिवसांत मोजायची असते. तिथं नवं नाव घालून मिळत नाही, पण विधानसभेच्या यादीत असलेलं नाव गळालं किंवा भलत्याच प्रभागात गेलं, तर दुरुस्त होतं. आमच्या एका मुलीचं नाव रस्त्यापलीकडच्या प्रभागात गेलं होतं. तिनं स्वतः हरकत घेऊन ते परत आणलं.

पैसा आणि कपडे कोणाकडूनही घेऊ नका. ज्यांना पक्षाचं काम करायचं असेल त्यांनी जरूर करावं, त्यात कमीपणा काही नाही. वयाच्या एकविसाव्या वर्षी नगरसेवकपदासाठी उभंही राहता येतं. पण नोंदणीचं टेबल आणि प्रचाराचं टेबल एक झालं, की दोन्हींवरचा विश्वास उडतो.

आणि सगळ्यात आधी एक छोटं काम हाती घ्या. एका सत्रात त्याचा काही ना काही निकाल दिसला पाहिजे. रील त्यानंतर करा. अडलं, तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. दहा रुपये शुल्क, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, आणि उत्तराला तीस दिवस. त्याहून सोपा रस्ता म्हणजे सोमवार. २०१८च्या राज्य सरकारच्या परिपत्रकानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना कागदपत्रं बघता येतात. मुलांना एकदा तरी फाइल हातात घेऊ द्या. टिपणी, शेरा, सही, पुढचं टेबल असा कागदाचा प्रवास बघितला, की 'सगळे सारखेच' हे वाक्य त्यांच्या तोंडून जरा कमी येतं.

गेल्या जानेवारीत त्या चौघींनी मत दिलं. चार मतं कशी द्यायची हे त्यांनी वर्गाला आधीच फळ्यावर चौकटी आखून दाखवलं होतं, एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तर 'वरीलपैकी कोणीही नाही' कुठं असतं यासकट. त्यांच्या गटात नव्यानं आलेली पहिल्या वर्षाची एक मुलगी ऑगस्टमध्ये अठराची झाली होती. यादी १ जुलै २०२५ची धरलेली, त्यामुळे तिला मत नव्हतं. पण हे तिला मतदान केंद्राच्या दारात कळलं नाही, दिवाळीच्या आधीच कळलं होतं. ती चिडली, वाद घातला, आणि मग इतरांची नावं शोधून द्यायला बसली. अजून येते.

त्या मुलाची पोच माझ्या टेबलाच्या खणात आहे. दरवर्षी पहिल्या तासाला मी ती वर्गात फिरवते आणि विचारते, यात काय चुकलंय? मुलं नाव बघतात, पत्ता बघतात, सही बघतात. कागदात काहीच चुकलेलं नाही, हे लक्षात यायला त्यांना थोडा वेळ लागतो. मग कोणीतरी तारीख वाचतं.