साडेतीन हजार शब्द आणि आपली मराठी

थर्ड इयर सुरू झालं की होस्टेलमध्ये एक जाडजूड झेरॉक्स खोल्याखोल्यांतून फिरू लागते. सीनियर्सकडून वारशाने आलेली, कोपरे दुमडलेली, चहाचे डाग पडलेली. बॅरन्सची साडेतीन हजार शब्दांची यादी! 'जीआरई देणार' असं ठरवलेला प्रत्येक जण ती ए पासून सुरू करतो आणि बहुतेकांची गाडी सी संपायच्या आत बंद पडते. 'अबेट', 'अबेरंट', 'अबेयन्स' हे शब्द आपल्या होस्टेलइतके पाठ दुसरीकडे कुठे नसतील. डब्ल्यूपर्यंत पोहोचलेला माणूस मात्र शोधून सापडत नाही.

यात दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे यादी घोकण्याची पद्धत. दुसरी जास्त गंभीर. ती म्हणजे "हे कॉन्व्हेंटवाल्यांचं काम, आपलं नाही" असं म्हणून मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं फॉर्म भरायच्या आधीच माघार घेतात. मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे, म्हणून हे जरा अधिकाराने सांगते: हा समज चुकीचा आहे. कसा, ते पाहू.

आता परीक्षा काय विचारते?

आपल्या झेरॉक्सचा जन्म जुन्या पद्धतीच्या काळातला. तेव्हा विरुद्धार्थी शब्द आणि 'अमुकाचं तमुकाशी जे नातं' असे प्रश्न असत. ऑगस्ट २०११ मध्ये ते दोन्ही प्रकार बंद झाले. आता वाक्यातल्या गाळलेल्या जागा भरायच्या, सहापैकी वाक्याला सारखाच अर्थ देणारे दोन शब्द निवडायचे आणि उतारे वाचायचे. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आणखी लहान झाली. सगळी मिळून दोन तासांच्या आत संपते. व्हर्बलचे २७ प्रश्न, वेळ ४१ मिनिटं, गुण १३० ते १७०. हल्ली बऱ्याच विद्यापीठांनी जीआरई ऐच्छिक केली आहे, पण कॅम्पसच्या अ‍ॅप्टिट्यूड टेस्टमध्येही अशाच धाटणीचे प्रश्न येतात. तेव्हा मेहनत वाया जात नाही.

थोडक्यात, नुसता 'शब्द = अर्थ' पुरत नाही. शब्दाची छटा कळावी लागते.

कॉन्व्हेंटचा फायदा कुठे संपतो?

कॉन्व्हेंटने मला काय दिलं? न अडखळता बोलायची सवय आणि रोजच्या वापरातले काही हजार शब्द. पण 'पुसिलॅनिमस' किंवा 'ऑब्सिक्वियस' हे शब्द आमच्या शाळेत ना टीचर बोलल्या, ना आम्ही. त्या यादीपुढे मी आणि झेडपीच्या शाळेतून आलेली माझी रूम पार्टनर, दोघी सारख्याच कोऱ्या होतो.

याचं कारण इतिहासात आहे. इंग्रजीतले घरगुती शब्द (हाऊस, वॉटर, मदर, ईट) मूळचे जर्मन कुळातले. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचचा लोंढा आला आणि पुढे विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीकमधून पोत्याने शब्द उचलले. 'अवघड' यादीतले बहुतेक शब्द या दुसऱ्या गठ्ठ्यातले. आणि इथेच आपल्याला लॉटरी लागते! २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स यांनी मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही, त्या एकाच मुळातून आल्या असाव्यात. पुढच्या अभ्यासकांनी ते सिद्ध केलं. लक्षात घ्या, इंग्रजी संस्कृतातून निघाली असं अजिबात नाही. या भाषा आई-मुली नाहीत, चुलत बहिणी आहेत. पण बहिणींचं नाकडोळं जुळतं, आणि आपल्याला तेवढं पुरतं.

काही नमुने पाहा:

तनु म्हणजे संस्कृतात बारीक, सडपातळ. लॅटिनमध्ये तेच 'टेन्युइस'. म्हणून 'टेन्युअस' म्हणजे तकलादू, बारीक धाग्यावर लटकलेलं. 'अटेन्युएट' म्हणजे क्षीण करणे. इलेक्ट्रॉनिक्सवाले सिग्नलचं अटेन्युएशन रोज मोजतात.

वाच् म्हणजे वाणी, लॅटिनमध्ये 'वॉक्स'. भृ म्हणजे वाहून नेणे (यातूनच भार), लॅटिनमध्ये 'फेर्रे'. दोन्ही जोडा: 'व्होसिफरस', म्हणजे आरडाओरडा करून म्हणणं मांडणारा. आमच्या मेस कमिटीच्या मीटिंगला हा शब्द चपखल बसतो.

अन् हा श्वास घेण्याचा धातू, प्राण आणि अनिल यांतला. लॅटिनमध्ये 'अ‍ॅनिमस' म्हणजे मन, जीव. आता 'मॅग्नॅनिमस' म्हणजे महा-मन, उदार. 'इक्वॅनिमिटी' म्हणजे सम-मन, मनाचा तोल. आणि तो भयंकर 'पुसिलॅनिमस'? एवढंसं मन असलेला, भित्रा.

स्वप्न आणि लॅटिन 'सोम्नस' (झोप) एकाच घरचे. 'सोम्नोलंट' म्हणजे पेंगुळलेला. दुपारी दोनच्या लेक्चरला बसलेला पूर्ण वर्ग.

ज्ञ आणि ग्रीकमधला 'ग्नो' एकच. आपला नकाराचा 'अ' ग्रीकमध्येही आहे. म्हणून 'अ‍ॅग्नॉस्टिक', अगदी अज्ञच्या साच्यातला. टी. एच. हक्सले यांनी १८६९ मध्ये तो घडवला: देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा. आणखी गंमत म्हणजे पुढे स्वर आला की आपला 'अ' 'अन्' होतो (अनादी, अनंत), तसाच ग्रीकचाही होतो: 'अ‍ॅनार्की'.

दुस् आणि पच् यांचे ग्रीक भाऊबंद मिळून 'डिस्पेप्टिक'. पचन बिघडलेला, आणि त्यावरून चिडका.

माझ्या रूम पार्टनरचं दहावीला संस्कृत होतं. असे शब्द तिला माझ्याआधी लागतात. तेव्हा कुणाचा पाया कच्चा, हे माध्यम पाहून ठरवू नका.

छटा आपल्याच भाषेत पकडा

इंग्रजी शब्दाचा अर्थ दुसऱ्या इंग्रजी शब्दात पाठ केला की सगळेच 'चांगला' किंवा 'वाईट' होऊन बसतात. मराठी इथे नेमकी आहे. 'फ्रूगल' म्हणजे काटकसरी, ही स्तुती. 'पार्सिमोनियस' म्हणजे चिक्कू, ही निंदा. 'लॅकॉनिक' म्हणजे मोजकं बोलणारा, 'टॅसिटर्न' म्हणजे घुमा. 'रिकॅल्सिट्रंट' म्हणजे अडेलतट्टू. 'ऑब्सिक्वियस' म्हणजे लाळघोटेपणा करणारा. 'क्वेर्युलस' म्हणजे सतत कुरकुरणारा. काटकसरी आणि चिक्कू यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही, आणि परीक्षा नेमका तोच विचारते.

तसंच आपल्या ब्रँचचे शब्दही आपल्या बाजूने आहेत. भट्टीला आतून लावतात त्या 'रिफ्रॅक्टरी' विटा, कितीही तापवा, दाद देत नाहीत. माणूस 'रिफ्रॅक्टरी' म्हटला की तो हट्टी. ट्रान्झिस्टरचा क्यू पॉइंट म्हणजे 'क्विएसंट', सिग्नल नसतानाची शांत अवस्था. भाषेतही अर्थ तोच, निवांत. केमिस्ट्रीत 'प्रेसिपिटेट' म्हणजे साका. इतरत्र मात्र घाईने, एकदम घडवून आणणे.

जरा जपून!

पेट्रोलच्या टँकरमागे 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. इथला 'इन' नकाराचा समजलात तर जिवावर बेतेल! तो 'आत' या अर्थाचा आहे, शब्दाचा अर्थ 'पेट घेणारा' असाच. 'एनर्व्हेट' म्हणजे एनर्जी देणे नव्हे, उलट गळाठून टाकणे. 'नॉइसम'चा नॉइजशी संबंध नाही, तो 'अ‍ॅनॉय'चा नातेवाईक. अर्थ घाणेरडा, दुर्गंधी. आणि दिसायला सारखं ते सगळं सख्खं नसतं. लॅटिन 'देउस' आपल्या देवाचा भाऊ आहे, ग्रीक 'थेऑस' मात्र नाही. म्हणून नातं जुळलंसं वाटलं तरी डिक्शनरी उघडायचीच.

आणि लक्षात कसं ठेवायचं?

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणजे उजळणी लवकर हवी, आणि पुढे अंतर वाढवत नेलं तरी चालतं. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये यासाठीच चिठ्ठ्यांच्या खोक्याची पद्धत सांगितली. होस्टेल आवृत्ती अशी: जुन्या असाइनमेंटच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या कापा. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ, मूळ आणि स्वतः केलेलं एक वाक्य. बुटांच्या खोक्यात तीन कप्पे करा. पहिला रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. शब्द आला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला की पुन्हा पहिल्यात. रोज दहा शब्द म्हटले तरी शंभर दिवसांत हजार होतात. थेंबे थेंबे तळे साचे, दुसरं काय!

आणि हे एकट्याने करू नका. एका खोलीत एक कॉन्व्हेंटवाली आणि एक मराठी माध्यमवाली असेल तर सोन्याहून पिवळं. एकीने उच्चार आणि वाक्य सांभाळायचं, दुसरीने मूळ आणि छटा. आमच्या खोलीत सध्या हाच करार चालू आहे आणि चिठ्ठ्या एल अक्षरापर्यंत पोहोचल्या आहेत. ज्यांनी फॉर्म भरायचा बेत 'आपलं इंग्लिश कच्चं' म्हणून सोडून दिलाय, त्यांनी आज रात्री मेसनंतर फक्त दहा चिठ्ठ्या करून बघा. शुभेच्छा!