फौती फेरफार, बँकेचा पैसा आणि कोर्टाची फी: मोहर्लीतल्या घरांसाठी

घरातला कर्ता माणूस गेला की तेरवीच्या आतच कोणीतरी सांगतो, "आता कोर्टातून वारस दाखला काढावा लागेल, वकील पाहा." मोहर्लीत आणि ताडोब्याच्या वेशीवरच्या बहुतेक गावांत हा सल्ला घाईचा ठरतो. थोडी शेती, गावठाणातले घर आणि बँकेतली चार-दोन लाखांची शिल्लक एवढीच मिळकत असेल, वारसांत वादही नसेल, तर बरेचदा कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. म्हणून वकिलाची फी ठरवण्याआधी तलाठी आणि बँक, या दोन ठिकाणी जाऊन या.

पहिला कागद मृत्यू दाखल्याचा. मृत्यूची खबर 21 दिवसांत ग्रामपंचायतीत दिली तर नोंदणीला पैसे लागत नाहीत. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो आणि तिथून हेलपाटे सुरू होतात. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच घ्या.

शेतीसाठी फौती फेरफार, म्हणजे मयताच्या जागी वारसांची नावे सातबाऱ्यावर लावणे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे तीन महिन्यांत तलाठ्याला (आता पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी) कळवायचे असते, आणि अर्ज मिळाल्याची लेखी पोच लगेच देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. पोच मागाच. पोच नसलेला अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिला तरी विचारायला आधार उरत नाही. त्यानंतर नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. या नोंदीला सरकारी फी नाही. नंतर डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो. सरकारी कार्यालयात द्यायच्या शपथपत्राला 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, तेव्हा फौतीच्या शपथपत्रासाठी 500 रुपयांचा स्टॅम्प आणायला कोणी सांगितले तर नियम दाखवा. 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर राबवलेली 'जिवंत सातबारा' मोहीम याच रखडलेल्या नोंदींसाठी होती. आजोबांचेच नाव अजून उताऱ्यावर असेल तर आधी ते काम उरका.

वनहक्काचा पट्टा वेगळा. 2006 च्या कायद्याने तो विकता येत नाही, पण वारसाने मिळतो, आणि लग्न झालेल्या माणसाचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. नवरा गेला म्हणून बाईचा हक्क जात नाही.

बँकेत नॉमिनी असेल तर मृत्यू दाखला, ओळखपत्र आणि बँकेचा अर्ज एवढ्यावर पैसे मिळतात. मात्र नॉमिनी मालक होत नाही, तो सगळ्या वारसांच्या वतीने रक्कम घेतो. नॉमिनी नसेल तरी रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर 2025 चे निर्देश कामी येतात. सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत आणि इतर बँकांत 15 लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी, वाद नसेल तर, कोर्टाचे प्रमाणपत्र मागायचे नाही. हमीपत्र आणि बाकी वारसांचे ना-हरकत पत्र लागते. कागद पूर्ण झाल्यावर 15 दिवसांत दावा निकाली काढायचा आहे. वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला तर वारसांना सरकारकडून 25 लाख रुपये मिळतात. त्यातला भाग मुदत ठेवीत जातो, तेव्हा त्या ठेवीवर त्याच दिवशी नॉमिनी लावून घ्या.

मग कोर्ट कधी? रक्कम मर्यादेपेक्षा मोठी असेल, शेअर्स असतील किंवा वारसांत भांडण असेल तेव्हा. बँकेतल्या पैशासाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र लागते. मयत जिथे राहत होता त्या हद्दीच्या न्यायालयात अर्ज जातो. नातेवाइकांची आणि येणी-ठेवींची यादी, नोटिसा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, पुरावा, मग आदेश. न्यायालय शुल्क रकमेच्या टप्प्यांनी चढते, वरच्या टप्प्याला साडेसात टक्के, पण कमाल 75,000 रुपये. जाहिरात आणि वकील यांचा खर्च वेगळा. तो आधी लेखी ठरवा.

मृत्युपत्र असेल तर प्रोबेटची, म्हणजे ते कोर्टातून प्रमाणित करून घेण्याची, भीती घातली जाते. ती सक्ती मुंबईसारख्या जुन्या उच्च न्यायालयी शहरांपुरती होती, चंद्रपूर-गडचिरोलीतल्या मिळकतीला ती कधीच लागू नव्हती. मृत्युपत्राच्या खरेपणावर कोणी हरकत घेतली तरच त्या वाटेने जाण्यात अर्थ आहे.

बहिणींबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. साध्या कागदावर सही घेऊन त्यांचे नाव गाळणे चूक आहे, आणि असा कागद टिकतही नाही. हक्कसोड नोंदणीकृतच लागते आणि ती बहिणीच्या मनाने असावी. गोंड व इतर अनुसूचित जमातींना हिंदू उत्तराधिकार कायदा लागू नसला, तरी 17 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला. तिला वगळणारी रूढी कोणी सिद्धच केली नव्हती.

कोर्टात जावेच लागले तर स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्या मदतीत कोर्ट फीही येते. चंद्रपूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा 15100 वर फोन लावा.