टेंगूळ नको, बाळ बघा

टेंगूळ मोठं आलं की बरं असतं, आतला मार बाहेर आला, असं आमच्या कराडकडच्या बायका म्हणतात. नेरुळला लेकीकडे राहून नातीला सांभाळायला लागले आणि पुढे कामोठ्याला पुतण्याच्या घरी जे बघितलं, त्यानंतर मी हे म्हणणं सोडलं. टेंगळाच्या आकारावरून आतल्या माराचा अंदाज बांधता येत नाही. ते डोक्यावर कुठे आलंय, हाताला कसं लागतंय आणि बाळ काय करतंय, हे बघायचं.

आधी नातीचं सांगते. नऊ महिन्यांची होती. लेक ऐरोलीला ऑफिसात, जावई महापेला, दुपारी घरात आम्ही दोघीच. ती दिवाणावर झोपलेली, दोन्ही बाजूंना उशांचा बांध. मी शेजारीच बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. उठली, उशीवर चढली आणि डोक्यावर फरशीवर आली. रांगणाऱ्या बाळाला उशी म्हणजे अडसर नव्हेच, उलट चढायला पायरी मिळते. धप्प आवाज झाला, श्वास घ्यायला लागेल इतकाच वेळ गेला आणि तिने टाहो फोडला. बघता बघता कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ.

रडणं ऐकून अख्खा मजला गोळा झाला. एक काकू हळद घेऊन आल्या, एक साखर. एकीने तळहाताने टेंगूळ दाबून बसवायला घेतलं, तिचा हात मी धरला. आणि सगळ्यांचं एकमत कशावर, तर "काही झालं तरी झोपू देऊ नका!"

नात कडेवर घेतल्यावर थोड्या वेळात गप्प झाली, बाटली ओढून दूध प्यायली, माझ्या बांगड्यांशी खेळायला लागली. तरी बालरोगतज्ज्ञांना दाखवून आले. वर्षाच्या आतलं बाळ डोक्यावर आपटलं तर एकदा दाखवून यावं, घरी कितीही हसत असलं तरी. त्यांनी तिच्या डोक्यावरून बोटं फिरवली, टाळू पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, तिला मांडीवर उभं केलं आणि म्हणाले, "कपाळावरचं टेंगूळ दिसायला भयंकर, पण सहसा साधं. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या भरपूर, खाली लगेच हाड. थोडं रक्त साठलं तरी टम्म फुगतं."

घरी काय करायचं तेही सांगितलं. बर्फ थेट लावायचा नाही. फडक्यात गुंडाळून थोडा थोडा वेळ धरायचा, नाहीतर गार पाण्याची घडी ठेवायची. चोळायचं नाही, दाबायचं नाही, तेल नाही, हळद नाही. हळदीच्या लेपाखाली त्वचेचा रंग दिसत नाही आणि जखम असली तर तीही झाकली जाते. दुखत असेल तर पॅरासिटामॉल, तेही बाळाच्या वजनावर डॉक्टर सांगतील तितकंच. आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने मुळीच द्यायचं नाही.

आणि झोपेचं? तिची झोपेची वेळ झाली असेल तर खुशाल झोपू द्या, म्हणाले. रडून दमलेलं बाळ झोपतंच. जागं ठेवल्याने मेंदूला काही फायदा होत नाही, उलट बाळ चिडलं की ते झोपेअभावी की माराने, हे कळेनासं होतं. मधूनमधून हलकं हलवून बघायचं. कूस बदलतं, चेहरा वाकडा करतं, आईला धरायला हात करतं, तर ठीक. उठवूनही उठत नसेल तर ती झोप नव्हे. अवेळी पेंगायला लागलं तरी वाट बघायची नाही, तडक निघायचं.

आता कामोठ्याचं. पुतण्याचं बाळ पाच महिन्यांचं होतं. रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे पोचले तेव्हा, काल संध्याकाळी बाळ पलंगावरून पडलं, एवढं कानावर आलं. सून गॅलरीतले कपडे काढत होती आणि अकरा वर्षांचा दादा बाळाला खेळवत होता. जरा रडलं, गप्प झालं. टेंगूळ नाही, खरचटलं नाही, म्हणून सगळे निवांत. मी तेल लावायला बाळाला पायांवर घेतलं. डोक्यावरून हात फिरवताना उजव्या कानाच्या वर काहीतरी मऊ लागलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण बोट ठेवलं की आत जायचं. डाव्या बाजूला चाचपलं, तिथे तसं काही नाही. सुनेला विचारलं, दूध कसं पितोय? "रात्रीपासून किरकिर चाललीय, नीट ओढत नाही. दात येत असतील."

तेलाची वाटी बाजूला ठेवली. पुतण्या स्कूटर काढायला निघाला, त्याला अडवलं. आईच्या पोटाशी दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाकडे रस्त्याने कोण बघणार? तशीही २०२२ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर हेल्मेट आणि पट्टा लागतो. त्याहून लहान बाळाला डोक्याला मार लागलेला असताना खड्ड्यांतून स्कूटरवर नेणं मला तर शुद्ध वेडेपणा वाटतो. रिक्षा केली. दादाला एकट्याला घरी कुठे ठेवणार, तोही आला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. किती उंचीवरून? खाली काय होतं, फरशी की चटई? कोणी पाहिलं? लगेच रडलं का? उलटी? त्यांनी तेच तेच फिरवून विचारलं तेव्हा पुतण्याचा पारा चढला. "आमच्यावर संशय आहे का?" बाई शांतपणे म्हणाल्या, "सगळ्यांनाच विचारते." त्यांचं बरोबरच होतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये इथून जवळच, खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण सीसीटीव्हीमुळे उघडकीला आली. बाळाला बोलता येत नाही, म्हणून डॉक्टरांना खोदून विचारावंच लागतं. त्याचा राग मानू नये.

एवढ्यात दादा हमसून हमसून रडायला लागला. बाळ पलंगावरून पडलंच नव्हतं. तो बाळाला कडेवर घेऊन उभा होता आणि बाळाने मागे झेप टाकली. पलंग दीड फुटाचा, पोराच्या कडेवरचं बाळाचं डोकं साडेतीन फुटांवर. आई मारेल म्हणून तो रात्रभर गप्प राहिला होता.

त्या एका वाक्याने बाईंचा निर्णय पक्का झाला. सीटी स्कॅनमध्ये कानाच्या वरच्या हाडाला बारीक चीर दिसली. आत रक्तस्राव नव्हता. बाळाला देखरेखीखाली ठेवून घेतलं, पुढे चीर आपोआप भरून आली, आता पोरगं घरभर पळतं. पण नातीचं लिंबाएवढं टेंगूळ निरुपद्रवी निघालं आणि इथे जे दिसतही नव्हतं त्याच्याखाली हाड तडकलं होतं, हे डोक्यातून जात नाही.

याला वैद्यकशास्त्रात आधार आहे, हे मला बाईंकडूनच कळलं. उत्तर अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत डोक्याला मार लागून आलेली ४२ हजारांहून जास्त मुलं तपासून डॉक्टरांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये नियम मांडला. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी सहा गोष्टी बघायच्या. शुद्धीत काही गडबड आहे का? पाच सेकंद किंवा जास्त बेशुद्ध होतं का? डोक्याला मागे, बाजूला किंवा कानशिलाला सूज आहे का? यात कपाळावरचं टेंगूळ धरलेलं नाही. हाड तुटल्यासारखं हाताला लागतं का? तीन फुटांच्या वरून पडणं किंवा तसाच जबर मार आहे का? आणि सहावी, बाळ नेहमीसारखं वागत नाही असं आईवडिलांना वाटतंय का? यांतलं एकही नसेल तर गंभीर इजा असण्याची शक्यता नगण्य, आणि सीटी शक्यतो टाळायचा.

सहावी गोष्ट मी मुद्दाम शेवटी लिहिली. "काहीतरी वेगळं वाटतंय" हे आईचं म्हणणं मोठे डॉक्टरही लक्षण म्हणून मोजतात. म्हणून सूनबाईंनो, सासू म्हणते दात येतायत, शेजारीण म्हणते नजर लागली, तरी तुमचं मन खात असेल तर उठा आणि दाखवून या.

याची उलट बाजूही आहे. नवी मुंबईत पैसे असलेली माणसं दारातूनच म्हणतात, "डॉक्टर, सीटी करूनच टाका." सीटीमध्ये क्ष-किरणांचा मारा साध्या एक्स-रेपेक्षा बराच जास्त असतो. लहानपणी सीटी झालेल्यांत रक्ताच्या आणि मेंदूच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो, असं २०१२ साली ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसलं. गरज असेल तेव्हा तो लगेच करावा, नुसत्या मनाच्या समाधानासाठी नको. डोक्याच्या साध्या एक्स-रेवरही विसंबू नका. त्यात हाड दिसतं, आतला रक्तस्राव दिसत नाही.

घरी आणल्यावर पहिले काही तास बाळावरून नजर हटवू नका, पुढे दोन दिवस जागरूक राहा. बाजूची मऊ सूज दुसऱ्या दिवशीही वर येते, म्हणून अंघोळीच्या वेळी सगळ्या डोक्यावरून हलक्या हाताने बोटं फिरवा. खूप रडल्यावर एखादी उलटी होते, पण पुन्हा झाली तर निघा. टाळू बघायची ती बाळ शांत आणि उभं धरलेलं असताना, कारण रडताना ती फुगतेच. शांत असतानाही ताणलेली असेल, एक बाहुली मोठी नि एक लहान दिसत असेल, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येत असेल, एक हात किंवा पाय कमी हलत असेल, रडणं कर्कश आणि न थांबणारं असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट बघू नका.

बेशुद्ध असेल, झटका आला असेल किंवा श्वास नीट नसेल तर १०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत असते. तोवर गदागदा हलवू नका, तोंडात पाणी-साखर घालू नका. झटका आला तर कांदा-चप्पल हुंगवण्याचे प्रकार नकोत, कुशीवर ठेवा आणि तोंडात काही कोंबू नका. उंचावरून पडलं असेल तर मान सरळ धरा, उगाच उचलाउचल नको.

आणि कुठे जायचं ते आजच ठरवा. महापालिकेची वाशी, नेरुळ, ऐरोलीची रुग्णालयं आहेत, खासगीही भरपूर. आपल्या घराजवळ रात्री बालरोगतज्ज्ञ आणि सीटी दोन्ही कुठे मिळतात हे फोन करून विचारा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा. मोठं नाव म्हणून सायन-पनवेल महामार्गाच्या गर्दीतून मुंबईला धावण्यापेक्षा आधी जवळचं गाठा, पुढे पाठवायचं तर ते पाठवतील.

पडूच नये म्हणून एक उपाय मला पटला, गोधडी जमिनीवर. कपडे बदलणं, तेल लावणं, दुपारची झोप, सगळं खाली. आणि चाकांचा वॉकर घरात आणू नका, कुणी भेट दिला तरी. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली, मुलं त्यातून जिन्यावरून गडगडत होती म्हणूनच.

कामोठ्याच्या दादाला त्या दिवशी कोणी रागावलं नाही, पण रागावतील ही भीती त्याला रात्रभर गप्प ठेवायला पुरली. तुमच्याही घरी बाळाला सांभाळणाऱ्या मावशी असतील, पाळणाघरातल्या ताई असतील, मोठं भावंड असेल, आमच्यासारखे आजी-आजोबा असतील. बाळ पडण्याच्या आधीच त्यांना बसवून सांगा: पडलं तर लगेच सांगायचं, कुठून आणि कसं ते खरं सांगायचं, कोणी ओरडणार नाही. आणि सांगितलं की खरंच ओरडू नका.