शहरात रक्तदाब का वाढतो?

डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळतात, रबरी फुगा दाबून त्यात हवा भरतात आणि मग ‘एकशेवीस-ऐंशी’ असे काहीसे सांगतात. घरात कोणाची तरी तपासणी होताना तुम्ही हे पाहिले असेल. हे आकडे कशाचे? पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीचे, मिलिमीटरमध्ये. हृदय आकुंचन पावते तेव्हा रोहिणीतील, म्हणजेच धमनीतील, रक्ताचा दाब 120 मि.मी. उंचीचा पारा तोलून धरतो. हृदय प्रसरण पावले की तो 80 पर्यंत उतरतो. पारा पाण्याच्या 13.6 पट जड असतो. मग पाऱ्याऐवजी पाणी घेतले तर स्तंभ किती उंच होईल? गुणाकार करून पाहा. उत्तर 1.6 मीटरच्या आसपास येईल, म्हणजे जवळजवळ तुमच्या उंचीएवढे! इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी एका घोडीच्या रोहिणीला काचेची लांब नळी जोडली, तेव्हा रक्त आठ फुटांहून वर चढले. हा प्रयोग त्यांनी 1733 मध्ये प्रसिद्ध केला.

दाब वारंवार 140/90 किंवा त्याहून अधिक भरला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. भारतात 2019-21 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, शहरांतील पंधरा वर्षांवरील दर शंभर पुरुषांपैकी सुमारे 27 आणि शंभर स्त्रियांपैकी सुमारे 24 जणांचा दाब वाढलेला होता किंवा त्यासाठी औषध चालू होते. यात काही दुखत नाही, खुपत नाही; म्हणून कित्येकांना तपासणी होईपर्यंत पत्ताच नसतो. तोवर मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडे यांतील रक्तवाहिन्या झिजत राहतात.

‘वय झाले की दाब वाढायचाच’ असे मोठी माणसे म्हणतात. पण ॲमेझॉनच्या जंगलातील यानोमामी लोक जवळजवळ मीठ खात नाहीत आणि त्यांचा दाब वयाबरोबर फारसा वाढतही नाही. तुम्ही म्हणाल, त्यांची आनुवंशिकताच निराळी असेल! शंका रास्त आहे. तिचे उत्तर केनियात मिळाले. लुओ जमातीचे काही लोक खेडे सोडून नैरोबी शहरात राहायला गेले. त्यांची तुलना गावीच राहिलेल्या लुओ लोकांशी करण्यात आली. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : वंश एकच, पण शहरात गेलेल्यांचा दाब काही महिन्यांतच अधिक भरू लागला. त्यांचे वजन आणि नाडीचे ठोकेही जास्त होते, आणि लघवीत पोटॅशियमच्या मानाने सोडियम वाढले होते.

सोडियम येते मिठातून. ते शरीरात पाणी धरून ठेवते, त्यामुळे वाहिन्यांतील द्रव वाढतो. फळे, भाज्या व डाळी यांतील पोटॅशियम मूत्रपिंडांना सोडियम बाहेर टाकायला मदत करते. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चहाचा चमचाभर, मीठ पुरे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ मात्र कोणी मोजत नाही!

त्यात बैठे काम, वाढते वजन आणि मनावरचा ताण यांची भर पडते. बारीक रोहिण्या आकसतात. नळीतील प्रवाहाला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या फक्त एक-दशांशाने घटली, तरी तेवढेच रक्त पुढे ढकलायला सुमारे दीडपट दाब लागतो.

आता त्याच पाहणीतील खेड्यांचे आकडे पाहा : शंभरांत पुरुष सुमारे 23, स्त्रिया सुमारे 20. शहराशी फरक फार उरलेला नाही. वेफर्सची पुडी आणि मोटारसायकल आता खेड्यातही पोचली आहे.