पलंगावरून लोंबणारा हात

चि. भाचेबुवांस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी वही वाचून काढली. वृत्त सांभाळतोस, यमकासाठी शब्दांची ओढाताण करत नाहीस, हे छान. पण ती मुलगी पानोपानी फक्त स्वप्नात येते. जागेपणी ती काय करते, कशावरून चिडते, याचा पत्ताच नाही. स्वप्न लिहू नकोस असं कोण म्हणेल? आपल्या जुन्या प्रेमकाव्यात स्वप्नांची रेलचेल आहे. फक्त ते कवी स्वप्न कुठे ठेवतात ते पाहा.

भासाचं 'स्वप्नवासवदत्त' घे. नाटक असलं तरी ते काव्यच. शतकानुशतकं त्याचं नुसतं नाव ऐकू येई. गणपतिशास्त्रींना त्रावणकोर संस्थानात पोथ्या सापडल्या आणि १९१२ पासून भासाची नाटकं त्रिवेंद्रमहून छापून येऊ लागली. कथेत प्रधान यौगंधरायण आवई उठवतो की उदयनाची राणी वासवदत्ता आगीत जळाली, आणि वेष पालटून तिला मगधाच्या पद्मावतीकडे ठेवतो. राजाचं गेलेलं राज्य मिळवायला मगधाशी सोयरीक हवी ना! मग नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची माळ गुंफायची पाळी वासवदत्तेवरच येते. माळेत घालायला औषधी वनस्पती आणून देतात. अहेवपण राखणारी ती भरपूर गुंफते; सवतीचा नाश करणारी बाजूला ठेवते. कारण विचारलं तर म्हणते, राजाची बायको मेलीच आहे, मग हिचं काय काम?

एवढं सगळं झाल्यावर, पाचव्या अंकात, भास स्वप्न आणतो. पद्मावतीचं डोकं दुखतंय म्हणून भेटायला आलेला राजा रिकाम्या पलंगावर झोपी जातो. मंद उजेडात वासवदत्ता त्यालाच पद्मावती समजून शेजारी बसते. तो झोपेत बरळतो, ती उत्तरं देते. विरचिका या दुसऱ्या बाईचं नाव निघताच फणकारतेसुद्धा. निघताना पलंगावरून लोंबणारा त्याचा हात उचलून नीट वर ठेवते. राजा जागा होऊन मागे धावतो आणि दारावर आपटतो. विदूषक समजूत घालतो की स्वप्न पडलं असेल.

मेघदूतातला यक्षही काही कमी घरगुती नाही. रामगिरीवरून, म्हणजे बहुतेकांच्या मते आपल्या रामटेकवरून, तो ढगाला बजावतो: माझी बायको झोपली असेल तर प्रहरभर गडगडू नकोस, स्वप्नात कदाचित मीच तिला भेटलो असेन.

आणि हालाच्या गाथासप्तशतीतली ती बाई! ती इतर बायकांचा हेवा करते, कारण त्यांना निदान स्वप्नात तरी प्रियकर दिसतो. हिला त्याच्यावाचून झोपच लागत नाही, तर स्वप्न पडणार कुठून? महाराष्ट्री प्राकृतातल्या ५७ मात्रांत हे आटोपतं. चंद्र नाही, चांदणं नाही, नुसता खणखणीत हिशेब. तोच जिव्हारी लागतो. आजूबाजूच्या गाथांत नांगर आहेत, सासवा आहेत, परगावी गेलेले नवरे आहेत.

तेव्हा वहीतली ती बसथांब्यावरची कविता पुन्हा हातात घे. तिथे तिच्या पिशवीचा बंद तुटतो आणि तू पुढच्याच ओळीत तिला नक्षत्रांत नेऊन बसवतोस. पिशवीतून काय सांडलं, तिनं ते तुला उचलू दिलं का, ते आधी लिही. नक्षत्रं मग बघू. स. आ. जोगळेकरांची १९५६ची गाथासप्तशती ग्रंथालयात शोध, मराठी अर्थासकट आहे.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा